गाल बसलेत, फिलर घेऊ का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय ५६, मालवणजवळ गाव. गेल्या चार-पाच वर्षांत गाल एकदम आत गेलेत, डोळ्यांखाली खड्डे, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत घडी पडलीय. बाजारात गेले की कोणतरी विचारतंच, "तुका बरा नाय काय गो?" मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. मे महिन्यात मुलाचं लग्न आहे. मुंबईची पुतणी म्हणते काकी फिलर घे, म्हणजे गालात सुईने जेल भरून घे, तासाभराचं काम, संध्याकाळी करून रात्रीच्या कोकणकन्येने परत. मिस्टर म्हणतात या वयात कसली ही थेरं. डायबेटिसची गोळी चालू आहे, रक्त पातळ करायचीपण एक आहे. आणि हो, वरच्या दाढा काढून बरीच वर्षं झाली. घेऊ का नको?

उत्तर: ताई, आधी मिस्टरांचं बघू. यात थेरं वगैरे काही नाही. तब्येत चांगली असताना भेटेल तो आजारी आहेस का विचारतो, याचा त्रास होणारच आणि त्यावर इलाज करावासा वाटला तर त्यात लाजण्यासारखं काय आहे, त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

पण पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत, दाढांची. वय वाढतं तसा चेहरा नुसता कातडीने सैल होत नाही. कातडीखाली चरबीच्या छोट्या छोट्या गाद्या असतात, त्यातल्या काही सुकतात, काही खाली सरकतात, आणि त्याच्याही खाली हाड झिजतं. डोळ्याची खोबण रुंदावते, वरचा जबडा मागे जातो, पाळी गेल्यावर तर हाडांची झीज वाढतेच. त्यात दात काढला की त्या जागचं हाड हळूहळू विरत जातं, कारण त्याला धरून ठेवायला मूळच राहत नाही. मग गालाला आतून आधार कुठला? आपल्याकडे मिश्री लावून हिरड्या खराब झालेल्या आणि पन्नाशीच्या आत दाढा गेलेल्या कितीतरी बायका मी बघते, आणि त्या सगळ्या क्रीम मागायला येतात.

म्हणून पहिली फेरी दातांच्या डॉक्टरांकडे. कवळी, ब्रिज, इम्प्लांट, जे झेपेल ते करा. दात बसले की गाल थोडे वर येतात आणि मग फिलर कमी लागतं, कधीकधी लागतही नाही. उलटं केलंत, म्हणजे आधी फिलर आणि मग दात, तर गालाचा आकार पुन्हा बदलेल आणि पैसे गेले. शिवाय दातांचं काम आणि फिलर यात निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं, तोंडातले जंतू रक्तातून नव्या जेलपर्यंत जाऊन इन्फेक्शन होऊ शकतं.

अजून एक, ब्लाउजपण सैल झालेत का बघा. झाले असतील तर नुसता चेहरा नाही, वजनच उतरलंय, आणि डायबेटिस असताना न ठरवता वजन उतरलं तर आधी शुगर आणि थायरॉइड तपासायचं, बाकी सगळं नंतर.

हे सगळं नीट असेल आणि तरी करायचं असेल, तर खुशाल करा. पहिल्यांदा घेताना हायलुरोनिक अॅसिडचंच घ्या. हा पदार्थ आपल्या कातडीत, सांध्यात असतोच, पाणी धरून ठेवतो, फक्त फिलरमधला लगेच विरघळू नये म्हणून त्याचं घट्ट जेल केलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, अशा जेलला घड्यांसाठी २००३ मध्ये आणि खास गाल भरायला २०१३ मध्ये मान्यता दिली, म्हणजे प्रकार कालपरवाचा नाही. साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. एका सिरिंजमध्ये असतं १ मिली, चहाचा चमचा भरायला अशा पाच लागतील, म्हणून एका सिरिंजमध्ये पंचविशीतला चेहरा परत येईल अशी आशा धरू नका. नाकाशेजारची घडी भरून द्या असा हट्टपण नको. गाल वर आला की ती आपोआप हलकी होते, आणि नुसती घडी भरत बसलं की तोंड सुजल्यासारखं दिसतं.

आता कोकणकन्येचं. हे मात्र अजिबात करू नका, ताई. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला तर पुढच्या कातडीचं रक्त बंद होतं. क्वचित होतं, पण होतं, आणि कधी लगेच कळतं, कधी काही तासांनी. जागा पांढरी पडते किंवा जांभळट जाळी दिसते, दुखणं वाढत जातं, नखाने दाबून सोडलं तर लाली तीन सेकंदांनंतरही परत येत नाही. त्यावर हायलुरोनिडेज नावाचं औषध टोचून जेल विरघळवता येतं, पण ते पहिल्या काही तासांत मिळालं तर खरा उपयोग, आणि गाडी चिपळूणच्या पुढे असताना तुम्ही कोणाला उठवणार? पुतणीकडे दोन दिवस राहा. डॉक्टरांना आधीच विचारा, हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या. टोचताना किंवा नंतर नजर अंधुक झाली तर एक मिनिटही न थांबता हॉस्पिटल.

डॉक्टर म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन, फिलरचं काम नेहमी करणारे. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांनाच विचारायचं. गोळीमुळे फार तर काळंनिळं जास्त होईल आणि ते आठ-पंधरा दिवसांत जाईल, गोळी बंद केल्याने अॅटॅक आला तर तो नाही जाणार. तेव्हा दात आत्ता, फिलर शिमग्याच्या आसपास, म्हणजे लग्नापर्यंत सूज उतरून चेहरा बसलेला असेल.

प्रश्न: चिपळूणमध्ये ओळखीच्या पार्लरवाल्या ताई सुई न वापरता पेनने फिलर भरून देतात, स्वस्त पडतं आणि दुखतही नाही म्हणतात. वय ३८. करू का?

उत्तर: नको. त्या पेनमधून जेल दाबाने आत घुसवतात, ते किती खोल आणि कुठे गेलं यावर कोणाचाच ताबा नसतो. एफडीएने २०२१ मध्ये या पेनांबद्दल उघड इशारा दिलाय. पार्लरवाल्या ताई फेशियल कितीही छान करत असतील, पण रक्तवाहिनी बंद झाली तर त्यांच्याकडे औषध नाही.

प्रश्न: फिलर एकदा घेऊन थांबवलं की चेहरा आधीपेक्षा जास्त लोंबतो असं मैत्रीण म्हणते. खरं का? (वेंगुर्ला)

उत्तर: नाही. जेल विरघळलं की चेहरा तुमच्या वयाला जसा असायला हवा तसा होतो, मधल्या काळात बघायची सवय बदललेली असते म्हणून जास्त वाटतं. दर दोन-तीन महिन्यांनी भरतच राहिलं तर मात्र चेहरा बेढब होतो, तेवढं टाळा. आणि तुम्ही किनाऱ्यावर राहता, वाळू आणि पाण्यावरून उलटून येणारं ऊन डोक्यावर टोपी असली तरी चेहऱ्याला लागतंच, तेव्हा पावसाळ्यातसुद्धा एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन लावा, त्याला सिरिंजपेक्षा खूप कमी पैसे लागतात.