सहा महिन्यांच्या बाळाला लाइव्ह कॉन्सर्टला न्यायचं असेल, तर कानात कापूस घातला की पुरतं का?

नाही, कापसाने आवाज नावापुरताच कमी होतो. फोमचे इअरप्लगही नकोत: बाळाच्या कानात ते नीट बसत नाहीत, आणि निघाले तर थेट तोंडात जातात.

बाळांच्या मापाचे इअरमफ घ्या, म्हणजे हेडफोनसारखे दोन्ही कान झाकणारे कप. पट्टा डोक्यावर घट्ट दाबणारा नको, पण कप आणि कान यांच्यामध्ये टोपीची कड किंवा केस अडकले तर फटीतून आवाज आत शिरतो, तेव्हा बोट फिरवून बघा. घरी आधी थोडा वेळ घालून सवय करा.

तरी इअरमफ म्हणजे कवच नव्हे. मोठ्या माणसांसाठीसुद्धा १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं सुरक्षित मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. बाळाची कर्णनलिका लहान, त्यामुळे उंच पट्टीचे स्वर कानाच्या पडद्यावर आणखी जोरात आदळतात. म्हणून स्पीकरपासून शक्य तितकं लांब, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा आणि मधूनमधून बाहेर या. बाळ गोंगाटात झोपलं म्हणजे त्याला त्रास नाही, असं मुळीच समजू नका.

खरं सांगू? एवढ्या लहान बाळाला घरी सांभाळणारं कोणी असेल, तर नेऊच नका.