पान जाड दिसलं की लगेच मातीवर खापर नको

महाबळेश्वरला पहिल्यांदाच पानांचं क्षेत्रफळ आणि वजन मोजून ते मातीशी ताडून बघायला चाललायस ना, मग ऐक. तिथल्या जांभ्या दगडाच्या लाल मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरस धरून बसतं, मुळांना सहज मिळू देत नाही. अशा जागी झाड जाड, टिकाऊ पान बनवतं आणि जपून वापरतं. अंजनीच्या झाडाचं पान दुमडून बघ, अगदी चामडं! पण कड्यावरचा वारा आणि उन्हाळ्यातला कोरडेपणाही पान जाड करतो. म्हणून एकाच जातीची, उन्हातली, पूर्ण वाढलेली पानं घे. सावलीतली मिसळलीस की आकडे गेले. क्षेत्रफळ ताज्या पानाचं, वजन मात्र ६०-७० अंशांवर तीन दिवस वाळवल्यावर. माती त्याच झाडाखालची, पालापाचोळा सारून. पिशव्यांवर पेन्सिलनेच लिही. माझी शाई पहिल्याच पावसात धुऊन गेली होती.