सहाच्या भुकेची सोय

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू दुकानात आलीस तेव्हा सव्वासात वाजले होते. ऑफिसातून थेट आली होतीस, चेहरा पार उतरलेला. हातात यादी नव्हती. चिप्सचे दोन पुडे, क्रीमची बिस्किटं, नूडल्स आणि टोस्ट घेऊन गेलीस, आणि घरी पोचल्यावर फोन केलास, "काका, तूरडाळ राहिली." डाळ पोराच्या हाती पाठवली. तेव्हा गल्ल्यावर गर्दी होती, आणि असलं बोलणं चारचौघांत करायचंही नसतं. आई आजीच्या दुखण्यासाठी गावी गेल्यापासून घर तुझ्यावर आणि धाकट्यावर आहे, म्हणून लिहितोय.

३८ वर्षं मी या गल्ल्यावर बसलोय. कोणाच्या घरात काय शिजतं, ते मला पिशवीवरून कळतं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. संध्याकाळी सहाला घरातलं माणूस काय खाणार, हे सहाला ठरत नाही, सामान भरतो त्या दिवशी ठरतं. पोटात कावळे ओरडायला लागले की माणूस डबा उघडतो आणि हाताला लागेल ते खातो. फुटाणे लागले तर फुटाणे, बिस्किटं लागली तर बिस्किटं. तेव्हा मनाला आवर घालत बसण्यापेक्षा आधीच डबा नीट भरून ठेवणं सोपं.

हे मी उशिरा शिकलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टरांनी जेवण विचारलं. सकाळी भाकरी-भाजी, रात्री भाकरी-आमटी, त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. मग म्हणाले, "मधल्या वेळेला काय?" मी बोटं मोजायला लागलो. पाच वेळा चहा, प्रत्येक चहाबरोबर खारी नाहीतर तीन-चार बिस्किटं. हात लांबवला की बरणी, त्यामुळे ते खाणं मी कधी मोजलंच नव्हतं. तुझ्या टेबलाच्या खणातही अशी बरणी असणार, म्हणून सांगतोय.

आता खरेदीचं. उपाशीपोटी दुकानात येऊ नकोस. येण्याआधी दोन घास खा, नाहीतर रविवारी सकाळी ये. यादी घरात डबे उघडून, बघून लिही. आठवणीतून लिहिलेल्या यादीत घरात असलेलं पुन्हा येतं आणि संपलेलं राहतं, तुझ्या तूरडाळीसारखं. पुडा घेताना मागचा घे, कारण जुना माल पुढे लावायची आम्हा दुकानदारांची रीत असते. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांना भुलू नकोस. भाव तोच राहतो, आतलं वजन कमी होत जातं. बऱ्याच पुड्यांवर आता दर ग्रॅमचा भावही छापलेला असतो, तो बघायची सवय लाव. पण मोठा पुडा स्वस्त पडतो म्हणून चिप्सचा मोठा पुडा आणू नकोस. घरात आलेला पुडा एका बैठकीत संपतो.

पुड्याची पुढची बाजू सोड, मागची वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे. पुढे ठळक 'मल्टिग्रेन' असेल आणि मागे पहिलं नाव मैद्याचं, दुसरं-तिसरं साखरेचं नाहीतर पामतेलाचं असेल, तर तुला काय समजायचं ते समजलं. साखर १०० ग्रॅमच्या हिशेबात दिलेली असते. २५ ग्रॅम लिहिली असेल तर १०० ग्रॅम बिस्किटांत साधारण पाच चमचे साखर झाली. मीठ 'सोडियम' नावाखाली मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुण. ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. त्यात आमटी, लोणचं, पापड सगळं आलं.

आणि बघ, सोलापुरात राहून मधल्या वेळच्या खाण्याला पुड्यांकडे धावायची गरजच नाही. आपली कडक भाकरी घे. पातळ, खरपूस, पंधरा दिवस सहज टिकणारी. बायका घरोघरी करून विकतात, ऑफिसातून येता-येता मिळते. ती हाताने मोडायची, वर चमचाभर शेंगाचटणी, बाजूला कांदा आणि वाटीभर दही. पाच मिनिटांत होतं आणि पोटाला आधार राहतो. धाकट्याला आवडत नसेल तर भाकरी चुरून दह्यात कालवून दे, वर थोडी चटणी भुरभुर.

चटणी शक्यतो घरी कर. दाणे मंद आचेवर खमंग भाज, सालं काढ, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कूट. खलबत्ता नसेल तर मिक्सर थांबत-थांबत फिरव. दाणे मात्र निवडून घे. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा किंवा खवट लागणारा दाणा सरळ फेकून दे. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला बाधतं आणि भाजल्याने पुरतं जात नाही. मी पोतं फोडलं की आधी पाच-सहा दाणे चावून बघतो. तूही बघ, मला राग येणार नाही. चटणीचं प्रमाण सांभाळ. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात हे खरं, पण उष्मांकही ५५०च्या पुढे जातात. घरचं आहे म्हणून वाटीभर खाऊ नकोस.

ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, काकडी घरात असू दे. फळात डाळिंब. आपल्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे, आणि आपल्याच घरांत महिना-महिना डाळिंब येत नाही. सालीवर डाग पडलेली, लहान फळं मंडईत स्वस्त लावतात. डाग वरचे असतील तर दाणे तितकेच गोड निघतात. हातावर तोलून जड लागेल ते घे. रस काढू नकोस, दाणेच खा, नाहीतर चोथा वाया जातो. रविवारी सोलून डब्यात भरलंस तर दोन-तीन दिवस सहज चालतं. न सोललेलं फळ भुकेच्या वेळी कोणी हातात घेत नाही, हे मी माझ्याच घरात पाहिलंय.

उन्हाळा तोंडावर आहे. थंड पेयांच्या बाटल्या फ्रिजमध्ये भरू नकोस, ताकाची कळशी ठेव.

पीठ मात्र पुड्यातलं नेऊ नकोस. ज्वारी ने आणि दहा-पंधरा दिवसांपुरतीच दळून घे. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरते, मग कंटाळा येतो आणि पुन्हा ब्रेड सुरू होतो.

रविवारी दहाच्या आत ये, तेव्हा निवांत असतो. धाकट्यालाही आण, यादी त्याच्या हातची असू दे, त्याच्या आवडीचा एक पुडाही त्यात चालेल. नवी मालदांडी ज्वारी आली आहे, पाच किलो तुझ्यासाठी बाजूला काढली आहे. रिकामे डबे घेऊन ये.

तुझा,
दुकानवाला काका