टॅबलेटवर, तक्त्यावर बोलणाऱ्यांशी बोलताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आजारामुळे, अपघातामुळे किंवा जन्मापासूनच ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, अशा माणसांबरोबर स्पीच थेरपिस्ट म्हणून मी काम करते. त्यांच्या घरच्यांकडून आणि सहकाऱ्यांकडून आलेल्या पत्रांपैकी काही आज घेते आहे.

प्रश्न : ऑफिसात नवा सहकारी आला आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचे उच्चार कळत नाहीत. तो टॅबलेटवर टाइप करतो आणि टॅबलेट ते वाचून दाखवतो. एका वाक्याला मिनिटभर लागतं. तोवर मी काय करायचं? पुढचा शब्द ओळखता आला तर सांगून टाकावा का?

थांबायचं. वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे. आपण गप्पा मारताना मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो. अशा साधनांवर बोलणाऱ्या बहुतेकांचा वेग पंधरा शब्दांच्याही खाली असतो. मधली शांतता आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण दुसरा प्रश्न टाकतो, नाहीतर नुसतं हो-नाही म्हणता येईल असं काहीतरी विचारतो. तोवर त्याचं अर्धं टाइप झालेलं उत्तर वाया जातं. विषय पुढे गेला असेल, तर त्याचं वाक्य आल्यावर मागे या. “थांबा, हे मघाच्या मुद्द्यावर आहे,” असं बैठकीत कुणीतरी म्हणायला हवं. ते तुम्ही म्हणा. बैठकीचे मुद्दे त्याला आदल्या दिवशी मिळाले, तर सांगायचं ते तो आधीच टाइप करून ठेवू शकेल.

शब्द पुरवण्याबद्दल माझाच एक अनुभव सांगते. कामाला नुकती लागले होते. एक तरुणी टाइप करत होती, “मला घरी”. मी पटकन म्हटलं, “जायचंय?” तिने माझ्याकडे पाहिलं, ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि पुन्हा टाइप करू लागली. चार मिनिटांनी वाक्य पूर्ण झालं : “मला घरी कुणी काही विचारत नाही.” माझ्या अंदाजावर तिने कंटाळून ‘हो’ म्हटलं असतं, तर मी तिला आनंदाने घरी पाठवलं असतं आणि ते वाक्य मला कधीच कळलं नसतं. दमलेली माणसं असं ‘हो’ पुष्कळदा म्हणतात.

काहींना मात्र अंदाज केलेला आवडतो, त्यांचे कष्ट वाचतात. तुमच्या सहकाऱ्याला काय चालतं, ते त्यालाच एकदा निवांत विचारा. स्क्रीनवर डोकावून वाचलेलं चालेल का, तेही विचारून घ्या. आणि कळलं नसेल तर कळल्यासारखी मान डोलावू नका. “एवढं कळलं, पुढचं निसटलं,” असं सांगितलं की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

प्रश्न : बोलताना बघायचं कुणाकडे, माणसाकडे की यंत्राकडे?

माणसाकडे. सोबत आलेल्या नातेवाइकाकडे तर नाहीच. “यांना काय होतंय?” हा प्रश्न शेजारच्याला विचारला जातो, तेव्हा समोरचा माणूस सगळं ऐकत असतो. शक्य असेल तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. त्यांचं साधन न विचारता उचलू नका, सरकवूही नका. आणि त्या यांत्रिक आवाजाची गंमत करू नका. यंत्राच्या आवाजात बोलणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी पुढे अधिक चांगले आवाज मिळत असतानाही जुनाच कृत्रिम आवाज ठेवला, कारण तो त्यांना आपलाच वाटत होता.

प्रश्न : पक्षाघातानंतर बाबांचं बोलणं गेलं. काहीही विचारलं तरी ‘हो’च म्हणतात. “पंखा लावू?” हो. “बंद करू?” तरीही हो. त्यांना काही समजत नाही का?

तुम्ही सांगता त्यावरून हा वाचाघात, म्हणजे अफेजिया दिसतो. यात शब्द सापडत नाहीत, सापडले तर भलतेच बाहेर पडतात, आणि मनात ‘नाही’ असताना तोंडातून ‘हो’ निघणं तर अगदी नेहमीचं. लांब किंवा भराभर बोललेली वाक्यं समजायला जड जातात, हेही खरं. पण म्हणून माणसाची बुद्धी गेली असं होत नाही. तुमचे बाबा घरातल्या माणसांना ओळखतात, त्यांना राग येतो, संकोच वाटतो. त्यांना मोठमोठ्याने किंवा लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नका.

तोंडी ‘हो’वर विसंबणं सोडा. कागदावर जाड पेनाने दोन-तीन पर्याय मोठ्या अक्षरांत एकाखाली एक लिहा आणि शेवटी ‘यातलं काही नाही’ हेही लिहा. हा शेवटचा पर्याय घरोघरी विसरला जातो. मग खरं उत्तर कागदावर नसलं, तरी माणूस कुठेतरी बोट ठेवून मोकळा होतो. त्यांनी बोट ठेवलं की उलटून विचारा, “म्हणजे पंखा बंद, बरोबर?” चेहरा बघा. टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकानेच बोला. कॅलेंडर, नकाशा, घरचे जुने फोटो हाताशी असू द्या.

एक कळकळीची विनंती. “हे काय आहे सांगा बरं?” असं चमचा दाखवून विचारू नका. तुम्हाला उत्तर माहीत आहे, हे त्यांनाही माहीत असतं. त्याऐवजी अडखळले की म्हणा, “तुम्हाला काय म्हणायचंय ते तुमच्या मनात पक्कं आहे, मला कळतंय. आपण शोधू.”

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. थेरपिस्ट चित्रांवर बोट ठेवून बोलायचा टॅबलेट द्या म्हणतात. घरातल्या मोठ्यांना वाटतं, मग तो तोंडाने बोलायचा प्रयत्नच सोडेल.

ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात भेटते आणि ती प्रेमातूनच येते. पण पुरावा उलटा आहे. या विषयावरच्या आधीच्या अभ्यासांचा एक आढावा 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात भरवशाच्या ठरलेल्या 27 जणांच्या नोंदींपैकी 89 टक्क्यांत तोंडी बोलणं वाढलं, बाकीच्यांत फरक पडला नाही. कमी कुणाचंच झालं नाही. वाढ अनेकदा थोडीशीच होती, हेही सांगायला हवं.

आता तुमचं काम. आधी टॅबलेट तुम्ही वापरा. “आणखी हवं?” म्हणताना ‘आणखी’वर बोट ठेवा, बाहेर निघताना ‘जा’वर. बाळ वर्षभर नुसतं ऐकतं तेव्हा कुठे पहिला शब्द बोलतं. याला तर टॅबलेटची भाषा बोलणारं आजूबाजूला कुणी दिसतच नाही. महिनोन्‌महिने उत्तराची अपेक्षा न ठेवता बोलत राहा. फळं, प्राणी, रंग यांच्या चित्रांइतकेच ‘नको’, ‘थांब’, ‘माझं’, ‘कुठे’ हे शब्द गरजेचे आहेत. त्याने ‘नको’ दाबलं की ते गंभीरपणे घ्या, दरवेळी मान्य करता आलं नाही तरी. आणि हट्ट केला म्हणून टॅबलेट कपाटात ठेवणं म्हणजे मुलाचं तोंड बांधणं आहे. ते कधीही करू नका.

प्रश्न : कुणीतरी सुचवलं की मुलीचा हात धरून टाइप करवलं तर ती मोठी वाक्यं लिहू लागेल. करावं का?

नाही. 1990च्या दशकात याच्या चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरंच चित्र दाखवलं, तेव्हा टाइप झालं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. हात धरणारे लबाड नव्हते, आपण शब्द घडवतोय हे त्यांना जाणवतही नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये ही पद्धत वापरू नये, असं स्पष्ट सांगितलं. बोट स्थिर राहत नसेल तर बटणांभोवती उंचवटे असलेली जाळी, डोक्याने दाबायचा स्विच, नजरेने चालणारं यंत्र असे मार्ग आहेत. लेक एकच शब्द बोलली तरी तो तिचा असू द्या.

प्रश्न : यजमानांना एएलएस (हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) आहे. आता फक्त डोळे हलतात. नजरेचं यंत्र यायला अजून वेळ आहे. अक्षरतक्ता वापरतो, पण एका शब्दाला इतका वेळ लागतो की दोघंही रडकुंडीला येतो.

आपली वर्णमाला इथे कामाला येते, कारण ती आधीच ओळींत बसवलेली आहे. क-वर्ग पहिली ओळ, च-वर्ग दुसरी, याप्रमाणे सगळ्या ओळी मांडा. ‘ङ’ आणि ‘ञ’ काढून टाका. आधी ओळींचे आकडे म्हणा, त्यांनी खूण केली की त्या ओळीतली अक्षरं, मग मात्रा. ऱ्हस्व-दीर्घ विचारूच नका, एकच वेलांटी आणि एकच उकार पुरे. जोडाक्षरंही सुटी लिहू द्या. एवढं करूनही ‘पाणी’ लिहायला तुम्हाला सतरा वेळा विचारावं लागेल. पाचवी ओळ येईपर्यंत पाच, ‘प’ला एक, कान्याला एक, मग ‘ण’साठी तीन आणि पाच, वेलांटीला दोन. म्हणून नेहमीचे शब्द तक्त्यावर अख्खेच लिहा : पाणी, कूस बदला, श्वास, दुखतंय, डास. त्यांच्याबरोबर ‘चुकलं, मागे या’ आणि ‘तक्त्यावर नाही, वेगळंच सांगायचंय’ हेही हवंच.

‘हो’ची खूण म्हणून साधी पापणी मिटणं नको, ती आपोआपही मिटते. वर पाहणं ठेवा. अक्षरं एकाच ठेक्यात म्हणा, घाई झाली की खूण पुढच्या अक्षरावर पडते. जमलेली अक्षरं वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका. दोघांपैकी एक जण दमला की थांबा, पण अर्धा शब्द वहीत राहू द्या आणि नंतर तिथूनच पुढे जा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे, वेळ वाचावा म्हणून आता फक्त दुखणं, तहान आणि कूस एवढंच विचारता. दिवसातला अर्धा तास यातलं काहीच न विचारता बसा. तक्ता समोर धरा, पहिली ओळ म्हणा, आणि ते काय सुरू करतात ते बघा.