सर, हा हिशोब कुणी लिहून ठेवला?

या खेपेला पत्रं जरा वेगळीच आलीत. एरवी जीएसटी, कर्जाचा हप्ता, भागीदारी मोडायची कशी असले प्रश्न असतात. गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की मॅनेजमेंटचासुद्धा इतिहास असतो आणि तो शोधण्यात काही माणसांनी आयुष्य घालवलंय. त्यावरच सगळे तुटून पडलेत. बरं वाटलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच पत्रं घेतो.

सर नमस्कार, मी एमकॉमला आहे, मिरजेहून सांगलीला रोज अप-डाऊन करते. आम्हाला टेलर, फेयॉल, मेयो असे मॅनेजमेंटचे जुने विचारवंत पाठ करायला लावतात, पण हे शोधून कोण काढतं? मॅनेजमेंट हिस्ट्रीचा स्कॉलर म्हणजे नक्की करतो काय? घरी विचारलं तर पप्पा म्हणाले, रिकाम्या माणसाचे उद्योग. (एक विद्यार्थिनी, मिरज)

पप्पांचं एकदम चूक नाही गं, वेळ लागतोच या कामाला. पण एका माणसाची गोष्ट सांगतो आणि ती पप्पांनाही वाचून दाखव. आल्फ्रेड चँडलर, जन्म १९१८, अमेरिकेतलं डेलावेअर. १९४० साली हार्वर्डमधून पदवी, त्याच वर्गात जॉन केनेडी होते, तेच ते पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले. मग महायुद्ध लागलं, हा नेव्हीत गेला आणि तिथं काम काय तर विमानातून काढलेले फोटो बघत बसायचं, कुठं बॉम्ब पडला, कुठलं शेड उडालं, कुठलं शाबूत आहे. मला नेहमी वाटतं की पुढचं सगळं इथंच शिकला असणार, एकाच कागदाकडं तासन् तास बघायचं आणि त्यातनं काहीतरी हलताना दिसेपर्यंत उठायचं नाही. (हा माझा अंदाज, पेपरात लिहू नकोस.)

युद्ध संपल्यावर पुन्हा हार्वर्ड, पीएचडीला विषय पाहिजे. तेव्हा हा बायकोसोबत बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला नात्यातल्या एका आजीच्या घरात राहत होता आणि त्या घराच्या अडगळीच्या खोलीत याच्या पणजोबांचे कागद सापडले. पणजोबा म्हणजे हेन्री व्हार्नम पूअर. शेअर मार्केटच्या बातम्यांत स्टँडर्ड अँड पूअर्स ऐकतेस ना, त्यातले पूअर हेच! १८४९ पासून रेल्वेवरचं एक साप्ताहिक चालवायचे, कुठल्या कंपनीनं किती मैल रूळ टाकले, किती कर्ज काढलं, कोण कसं चालवतंय, सगळं छापायचे. पणतूला आयता खजिना मिळाला. १९५२ ला पीएचडी झाली, १९५६ ला त्याचं पुस्तक झालं.

आता यात रेल्वे कुठनं आली म्हणशील. तू मिरजेची आहेस म्हणून सांगतो, तुला पटकन कळेल. आम्ही लहान असताना मिरज स्टेशनवर जाऊन नुसते उभे राहायचो, गाडी न थांबता जाताना ड्रायव्हर वेताची कडी खाली टाकायचा आणि खालचा माणूस दुसरी कडी वर द्यायचा, त्या कडीच्या पिशवीत टोकन. ते टोकन हातात असल्याशिवाय पुढच्या सिंगल लाइनवर गाडी न्यायची नाही, म्हणजे समोरून दुसरी येणारच नाही याची खात्री. आता असली काही व्यवस्था नाही, फोन नाही, नीट तारसुद्धा नाही असा काळ डोळ्यासमोर आण. ५ ऑक्टोबर १८४१, मॅसॅच्युसेट्समधली वेस्टर्न रेलरोड, सिंगल लाइन, दोन पॅसेंजर गाड्या समोरासमोर धडकल्या, दोघं गेले, सतरा जण जखमी. चौकशी बसली आणि त्यातनं कंपनीनं पहिल्यांदा कागदावर लिहून काढलं की कुठल्या टप्प्याला कोण जबाबदार, कोण कुणाला रिपोर्ट देणार. चँडलरचं म्हणणं, आपण ज्याला आज ‘मॅनेजर’ म्हणतो तो पगारी माणूस, जो मालक नाही आणि मजूरही नाही, तो इथनं जन्माला आला. नफ्यासाठी नाही गं, गाड्या धडकू नयेत म्हणून. १८५५ ला ईरी रेल्वेच्या डॅनिअल मॅकॅलमनं सगळ्या स्टाफचा तक्ता काढून घेतला, तुमच्या पुस्तकात ऑर्गनायझेशन चार्ट असतो ना त्याचा हा खापरपणजोबा, फरक एवढाच की साहेब लोक खाली मुळाशी आणि फांद्या वर पसरलेल्या, खरोखरच्या झाडासारखा.

पुढं एमआयटी, मग जॉन्स हॉपकिन्स, मग १९७० नंतर हार्वर्ड बिझनेस स्कूल. मधल्या काळात थिओडोर रूझवेल्ट आणि आयझेनहॉवर यांच्या पत्रांच्या संपादनाचं काम पण केलं, म्हणजे पुन्हा कागदच. १९६२ ला ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’ आलं, ड्यूपाँ, जनरल मोटर्स, स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी आणि सीअर्स अशा चार कंपन्यांचं, की धंदा पसरला की जुनं ऑफिस पुरत नाही, आधी बेत बदलतो मग रचना बदलावी लागते. १९७७ ला ‘द व्हिजिबल हँड’, त्याला १९७८ चं इतिहासाचं पुलित्झर. अर्थशास्त्रातला अॅडम स्मिथ म्हणाला होता बाजाराचा अदृश्य हात, हा म्हणाला अहो मोठ्या कंपनीत हात चांगला दिसतोय, मॅनेजरचा आहे. २००५ साली, वयाच्या सत्त्याऐंशीच्या घरात, केमिकल आणि औषध कंपन्यांवर पुस्तक काढलं आणि २००७ ला गेला.

सगळं गोड नाही. याच्या पुस्तकात कामगार शोधून सापडत नाही, संप नाही, घाम नाही, सगळं वरच्या मजल्यावरून बघितलेलं. बारक्या धंद्यालाही जागा नाही, आणि आपल्या सांगलीची पेठ तर बारक्या धंद्यावरच उभी आहे. माझा त्याच्यावर राग आहे तो एवढाच. पप्पांना सांग, रिकामा माणूस नव्हता.

सर, माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. टेलरच्या धड्यात आहे की एक माणूस दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलायचा तो सायंटिफिक मॅनेजमेंटनं, म्हणजे काम शास्त्रीय पद्धतीनं मोजून-बसवून, साडेसत्तेचाळीस टन उचलायला लागला. वडिलांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. खरं काय आहे? (तासगाव)

वडिलांना माझा नमस्कार सांग. ते हसले ते बरोबर हसले आणि हे सिद्ध करायला एका स्कॉलरला वर्षानुवर्षं जुने कागद उपसावे लागले.

आधी हिशोब करू. त्या लोखंडाच्या एका लगडीचं वजन ९२ पौंड, म्हणजे साधारण ४२ किलो, आपल्या पन्नास किलोच्या पोत्याच्या थोडं आत. साडेसत्तेचाळीस टन म्हणजे अशा साडेअकराशे लगडी. दहा तासांची ड्यूटी धरली तर दर अर्ध्या मिनिटाला एक, उचल, फळीवरून चढ, डब्यात टाक, खाली ये, पुन्हा उचल. आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. काम जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीच्या जरासे वर. वडिलांना विचार बरं असा सौदा घेतील का!

चार्ल्स रेगी नावाचे एक संशोधक होते, कॉर्नेल विद्यापीठाशी संबंध असलेले. (नावाचं स्पेलिंग असं आहे की आमच्या वर्गातली पोरं सरळ रेगे वाचायची आणि कोकणातले समजायची.) त्यांनी आणि पेरोनी नावाच्या सहकाऱ्यानं १९७४ ला एक लेख छापला. अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील कारखान्यातलं १८९९ चं ते प्रकरण मूळ रिपोर्टांशी ताडून बघितलं तर टेलरनं १९११ च्या पुस्तकात लिहिलेलं आणि कागदावरचं जुळेना. टेलर सांगतो शास्त्रीय अभ्यास करून आकडा काढला. रिपोर्ट सांगतो, दहा दणकट हंगेरियन मजूर निवडले, त्यांना जीव तोडून एक डबा भरायला लावला, साडेसोळा टन १४ मिनिटांत. त्यावरनं त्रैराशिक मांडलं, माणशी दिवसाला ७१ टन, ते केलं ७५, मग विश्रांती वगैरे धरून ४० टक्के उडवले आणि झाले ४५! चौदा मिनिटांची धाव आणि तिच्यावर दहा तासांचा दर. आपल्याकडं यार्डात एखाद्यानं असा दर काढला असता तर तोलाईदारासकट सगळे खाली बसले असते. तिथंही बऱ्याच मजुरांनी त्या दरानं काम करायला नकारच दिला होता, हे धड्यात नसतं.

साडेसत्तेचाळीस टन उचलणाऱ्या त्या माणसाला टेलरनं पुस्तकात ‘श्मिट’ म्हटलंय, तो म्हणजे खरा हेन्री नॉल. काही तरी अडाणी बैलासारखा माणूस असल्यागत टेलरनं त्याचं वर्णन केलंय, आणि त्याच पानांवर म्हणतो की हा गडी कामावरून घरी पळत जायचा, स्वतःचं घर बांधत होता. मला हे वाचून नेहमी हसू येतं, दिवसभर एवढं उचलून घर बांधणारा माणूस मंद कसा? पुढं अफवा उठली की श्मिट जास्त कामानं मेला, तर १९१४ ला टेलरच्या लोकांनी त्याला हुडकून डॉक्टरकडून तपासून घेतलं, जिवंत होता.

तरी परीक्षेत साडेसत्तेचाळीसच लिही बाबा. खाली एक ओळ जास्तीची लिही, तपासणारा चांगला असेल तर खूश होईल.

सर ‘द व्हिजिबल हँड’ वाचू का? किती पानं? (विटा)

सहाशेच्या आसपास. रेल्वेचा भाग वाच, मग सिगारेट आणि मांस विकणाऱ्या कंपन्यांचा वाच, बाकी झोप न येणाऱ्या रात्रीसाठी ठेव.

सर मी बीबीए करून साताऱ्यात जॉब करतोय, इतिहासाची पहिल्यापासून आवड. भारतात यात करिअर आहे का, का नुसतंच अमेरिकेतलं कौतुक? (सातारा)

खरं सांगू, जाहिरात निघत नाही या पोस्टची. आपल्याकडच्या कॉलेजात हा विषय म्हणजे पहिल्या युनिटमधली आठ-दहा पानं. तरी माणसं झाली. आयआयएम अहमदाबादला द्विजेंद्र त्रिपाठी होते, मूळचे इतिहासाचे, तिथं बिझनेस हिस्ट्रीचे प्राध्यापक होऊन त्यांनी हा विषय देशात उभा केला, २००४ चं त्यांचं भारतीय उद्योगाच्या इतिहासाचं पुस्तक आजही पहिलं हातात घ्यावं असं. पुण्यात टाटांचं अर्काइव्ह आहे, मुंबईत विक्रोळीला गोदरेजचं आहे, तिथं लिस्टिंग, स्कॅनिंग, जुन्या लोकांच्या मुलाखती अशी कामं चालतात. जॉब सोडून उडी मारू नकोस, रविवारपासून सुरू कर.

आणि विषयासाठी लांब कशाला जातोस, तुझ्या वाईच्या एका वाड्यात इतिहासकार वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली आणि १८९८ ला त्यांचा पहिला खंड निघाला. अडगळीतले कागद बाहेर काढायची विद्या आपल्याकडं चँडलरच्या जन्माआधीची आहे, फक्त आपण ती लढायांसाठी वापरली, दुकानांसाठी नाही. आता इकडं पलूसच्या बाजूला ये. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावचं बिऱ्हाड हलवून औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आले, तिथले राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी जागा दिली. नुसता नांगर नाही केला, चाळी, शाळा, पाणी, सगळं गाव वसवलं. १९२० ला शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, कारखान्याची खबरबात म्हणून, त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. मासिकावर साहित्यवाल्यांनी ढीगभर लिहिलंय. पण कारखाना आपल्या माणसांशी आणि गिऱ्हाइकाशी काय बोलत होता, कामाची शिस्त कशी समजावत होता, ह्या डोळ्यांनी ते जुने अंक चाळ. लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्याला नांगर विकायचा, हे मार्केटिंगच्या कुठल्या केस स्टडीपेक्षा कमी आहे सांग.

सर, आजोबांची हळदीची अडत होती. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, माळ्यावरच्या एका ट्रंकेत सात-आठ लाल वह्या राहिल्यात, दमट आहेत, काही पानं चिकटलीत, लिपी मोडी वाटते. आई म्हणते रद्दीत घाल. काय करू? (सांगली)

थांब. आईंना म्हणावं थांबा, सरांनी पाया पडून सांगितलंय.

माझ्या काकांचीही गणपती पेठेत अडत होती. मी नुकता नोकरीला लागलेलो, घर रंगवायचं होतं, तेव्हा दोन हातगाड्या वह्या मी स्वतः रद्दीवाल्याला घातल्या, किलोवर. काकू म्हणत होत्या ठेव रे दोन-चार, मी म्हटलं झुरळं होतात. पुढं पंधरा वर्षांनी एका प्रबंधासाठी जुन्या अडतीचे दर पाहिजे होते म्हणून अख्खी पेठ फिरलो, एका गिरणीतही गेलो मस्टर बघायला, तर तिथले मॅनेजर म्हणाले, सर मागच्या दिवाळीतच साफसफाई केली की. त्यांना काय बोलणार, मी कुठल्या तोंडानं बोलणार.

तर आता कर काय, वह्या उन्हात टाकू नकोस, सावलीत वारा लागेल अशा ठेव, पानांमध्ये कोरे कागद घाल आणि रोज बदल. चिकटलेली पानं ओढू नकोस, इस्त्री नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. सुटलेल्या पानांचे खिडकीच्या उजेडात सरळ वरून फोटो काढ, पुठ्ठ्यापासून शेवटच्या पानापर्यंत, कोरी पानंसुद्धा. कुठली वही कीर्द आणि कुठली खतावणी ते वेगळं लावून ठेव. कीर्दीत रोजचा क्रम असतो, खतावणीत माणूसवार खातं, दोन्ही जुळली तर कुणाची हळद हरिपूरच्या कुठल्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) पडून होती, कधी काढली, काय भाव लागला, हमालीचे किती गेले, हे सगळं निघेल. पेवं तर २००५ च्या पुरानंतर बरीचशी निकामीच झाली, त्यांचा हिशोब आता अशा वह्यांतच असला तर असेल. तासगावच्या त्या मुलाच्या वडिलांसारख्या माणसांची नावंही तिथंच सापडतील, चँडलरला जी सापडली नाहीत.

मोडीचं घाबरू नकोस, महिन्या-दोन महिन्यांत वाचायला येते, आकडे तर पहिल्याच आठवड्यात. तोपर्यंत सगळ्यात कोरड्या वहीचं पहिलं पान उघड आणि वर ‘श्री’च्या खाली तिथी कुठली आणि शक कुठला लिहिलाय त्याचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठव.