खेड्यात राहून बौद्धिक संपदा शिकता येईल का? परदेशी संशोधनात आपल्याला जागा असते का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बी.एस्सी. कृषीचं शेवटचं वर्ष, राहणं दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात, बौद्धिक संपदेच्या, म्हणजे शोध, नाव, वाण अशा गोष्टींवरच्या हक्कांच्या विषयाची गोडी लागलीय. तर जिनिव्हाचा ऑनलाइन कोर्स करावा का, आणि परदेशी विद्यापीठांच्या संशोधनात आपल्यासारख्यांना कोणी विचारतं का? मी ब्रह्मपुरीकडे कॉलेजात शिकवतो आणि शेतकऱ्यांना वाण नोंदणीचे अर्ज भरून देतो. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

कोर्स जरूर करा. जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे वायपो, ही जिनिव्हातली संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे. तिच्या अकादमीचा डीएल-१०१ हा पायाभूत कोर्स फुकट आहे, घरबसल्या होतो आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट, भौगोलिक मानांकन, सगळ्याची तोंडओळख त्यात होते. पुढचे बरेच कोर्स पैशाचे आहेत. इटलीतल्या तुरीन विद्यापीठासारख्यांबरोबर अकादमी मास्टर्सही चालवते, पण त्याचा विचार आत्ता नको.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवून कोर्सला बसा. बाहेर या विषयात जे शिकवलं जातं, त्याची घडण बहुतेक युरोप-अमेरिकेतली आहे. वाणांचंच घ्या. पिकांच्या वाणांवरच्या हक्कांचा युपोव्ह करार १९६१ साली पॅरिसला झाला. त्याच्या १९९१ च्या सुधारित रूपात शेतकऱ्याने घरचं बियाणं राखून पेरणं ही एक सवलत आहे, तीही त्या देशाने द्यायची ठरवली तर. भारत युपोव्हचा सदस्य नाही. आपला वाणांच्या हक्कांचा कायदा २००१ चा, आणि त्याच्या कलम ३९ प्रमाणे बियाणं राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, विकणंसुद्धा शेतकऱ्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही. हा फरक माहीत नसलेले पदवीधर मला भेटतात. परीक्षेत पैकीच्या पैकी, आणि गावात येऊन शेतकऱ्याला सांगतात की घरचं बी विकलं तर केस होईल!

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. परदेशी संशोधकाकडे ग्रंथालय असतं, पैसा असतो. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि तुमची जागा नेमकी तिथे आहे. वाण नोंदणीचा अर्ज एकदा समोर घेऊन बसा म्हणजे कळेल. मी म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारतो, "तुमच्या धानाचं वेगळेपण काय?" तो म्हणतो, "पडत नाही जी, अन् भात मऊ निंगते." त्याच्या लेखी विषय संपला. अर्जाला हवं असतं ते निराळंच: बुडख्याजवळच्या पानाच्या आवरणाचा रंग, कुसळ आहे की नाही, अर्ध्या झाडांना लोंब यायला किती दिवस, हजार दाण्यांचं वजन. वाण वेगळं, एकसारखं आणि पिढ्यानपिढ्या टिकणारं असावं, ही कसोटी आपण युपोव्हच्याच साच्यातून घेतली. शेतकऱ्याच्या वाणात दोन झाडं उंच, दोन बुटकी असायचीच. कित्येकदा त्याची ताकदही तीच असते. एकसारखेपणाच्या या अटीचं करायचं काय, यावर जगभर अभ्यास चालतो आणि त्याला लागतात अशा गावांतल्या नीट लिहून ठेवलेल्या नोंदी. त्या तुमच्याशिवाय कोण करणार?

नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंचं नाव तुम्हाला माहीत असेलच. पटेल-३ च्या बांधीत त्यांना वेगळे लोंब दिसले, ते निवडून त्यांनी एचएमटी धान तयार केला आणि तो राज्याबाहेरही गेला. तो पसरला तेव्हा शेतकऱ्याचं वाण नोंदवायची सोयच कायद्यात नव्हती. आज आहे, शेतकऱ्याला फीही माफ आहे, तरी आमच्याकडे दहा शेतकऱ्यांना विचारलं तर नऊजण म्हणतील, असं काही असते का बाप्पा?

लिहून ठेवण्याचं महत्त्व हळदीच्या भांडणात कळलं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती, पण तेवढ्याने भागलं नाही. पुरावा म्हणून जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध मांडावे लागले. त्यातूनच पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, पाच परदेशी भाषांत. २००९ पासून युरोपियन पेटंट कार्यालयाचे परीक्षक तो तपासू शकतात. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात त्यातलं हे मला सर्वांत कामाचं वाटतं. परिषदांच्या ग्रुप फोटोंचं मला फारसं कौतुक नाही.

सावधगिरीचं एक सांगतो. उद्या कोणी परदेशी प्राध्यापक मेल करेल की तुमच्या भागातल्या जुन्या वाणांची पाकिटं पाठवा, शोधनिबंधात तुमचं नाव घालतो. पाठवू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्ती वा संस्थेला आपली जैविक सामग्री संशोधनासाठी घ्यायची असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या संस्थांमधल्या सहकार्याच्या प्रकल्पांना सूट आहे, पण ते प्रकरण विद्यापीठांनी हाताळायचं असतं, तुम्ही एकटीने नाही. मे २०२४ मध्ये जिनिव्हात जनुकीय संसाधनं आणि पारंपरिक ज्ञानाबद्दलचा करार मंजूर झाला. शोध अशा सामग्रीवर उभा असेल तर ती कुठली, हे पेटंटच्या अर्जात सांगावं लागेल, असं त्यात आहे. प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या, ताजा आहे.

जिनिव्हाच्या आधी नागपूर गाठा. सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, केंद्र सरकारची. पेटंटचे अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांना प्रशिक्षण तिथेच मिळतं आणि विद्यार्थ्यांसाठीही कार्यक्रम होतात. आधी दिलेली पेटंटं कशी धुंडाळायची ते शिका. त्यासाठीची वायपोचं पेटंटस्कोप आणि युरोपचं एस्पेसनेट ही संकेतस्थळं दोन्ही फुकट आहेत, मोबाइलवरही चालतात, रेंज असली तर.

राहिलं इंग्रजीचं. कोर्सचं इंग्रजी अवघड नाही, कृषीची पुस्तकं वाचलीत तर हेही जमेल. आणि कोणी "जिनिव्हाचं सर्टिफिकेट काढून देतो" म्हणून डीएल-१०१ साठी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका. नोंदणी वायपो अकादमीच्या पोर्टलवर स्वतःच करायची असते.