प्युअर डेटात कन्व्होल्यूशन रिव्हर्ब सीपीयूला झेपेल असा कसा बांधायचा?

तुमचा प्रश्न असा: हॉलचा ३ सेकंदांचा स्टीरिओ आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका टिचकीला हॉल कसा घुमतो त्याचं रेकॉर्डिंग), ४८ किलोहर्ट्झ, इनपुट मोनो, आणि एक्स्टर्नल (वेगळे जोडायचे ऑब्जेक्ट) न वापरता नुसतं व्हॅनिला पीडी, म्हणजे ऑब्जेक्ट वायरने जोडून आवाज घडवायच्या प्युअर डेटा या प्रोग्रॅमची मूळ आवृत्ती. कन्व्होल्यूशन म्हणजे इनपुटचा प्रत्येक सॅम्पल आयआरच्या प्रत्येक सॅम्पलने गुणून बेरीज करणं. हा थेट गुणाकार केला तर सीपीयू बसतो, एकच मोठी एफएफटी (सिग्नलचा स्पेक्ट्रम, म्हणजे फ्रिक्वेन्सींचे घटक काढणारं गणित) घेतली तर आवाज फार उशिरा येतो. यावर उपाय म्हणजे आयआरचे सारखे तुकडे पाडणं.

तुकडा २०४८ सॅम्पलचा धरा. १,४४,००० सॅम्पलचे ७१ तुकडे होतात. सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या पॅचमध्ये) [ब्लॉक~ ४०९६ २], म्हणजे ब्लॉक ४०९६ आणि ओव्हरलॅप २, ठेवला की दर वेळी २०४८ जुने आणि २०४८ नवे सॅम्पल आयतेच मिळतात. ओव्हरलॅप-सेव्हला (ब्लॉक एकमेकांवर चढवून एफएफटीने कन्व्होल्यूशन करायच्या पद्धतीला) हेच लागतं. हेल्पमधल्या फेज व्होकोडरच्या उदाहरणांवरून ओव्हरलॅप ४ आणि हॅन विंडो (ब्लॉकच्या कडा हळूहळू शून्यावर नेणारा वक्र) उचलू नका. इथे विंडो अजिबात नको, ती लावली की रिव्हर्ब थरथरतो.

बहुतेक जण इथे [आरएफएफटी~] घेतात. मी साधी [एफएफटी~] घेईन. [आरएफएफटी~]चे वरचे जवळजवळ अर्धे बिन (स्पेक्ट्रममधल्या फ्रिक्वेन्सींच्या जागा) शून्य असतात, पण पीडीचा [*~] पूर्ण ब्लॉक गुणतोच, म्हणजे निम्मं काम वाया. त्याऐवजी आयआरचा डावा चॅनेल रिअल भागात आणि उजवा इमॅजिनरी भागात घाला. इनपुट मोनो असल्यामुळे [आयएफएफटी~]च्या डाव्या आउटलेटमधून डावा आणि उजव्यातून उजवा चॅनेल बाहेर येतो. स्टीरिओ फुकटात!

आयआरची तयारी एकदाच करायची. [ॲरे गेट]ने प्रत्येक तुकडा ४०९६च्या ॲरेत उतरवा, पण पहिल्या अर्ध्यात शून्यं आणि तुकडा दुसऱ्या अर्ध्यात. मग [स्विच~ ४०९६] असलेल्या बंद सबपॅचला डीएसपी चालू असताना बँग द्या: [टॅबरिसीव्ह~], [एफएफटी~], [टॅबसेंड~], एवढंच. तुकडा मागच्या अर्ध्यात ठेवल्याने खरं आउटपुट ब्लॉकच्या पुढच्या अर्ध्यात सरकतं. पुढे ठेवला असता तर लेटन्सी (आवाज बाहेर यायला लागणारा उशीर) ४०३२ सॅम्पल झाली असती, असा ठेवला की १९८४, म्हणजे सुमारे ४१ मिलिसेकंद. उरलेला अर्धा भाग कचरा असतो, तो मास्कने (आउटपुटला गुणायच्या ॲरेने) मारायचा: पहिल्या २०४८ जागी १/४०९६, पुढे शून्य. पीडीची एफएफटी नॉर्मलाइझ होत नाही, ते कामही याच मास्कमध्ये उरकतं.

इनपुटचे स्पेक्ट्रम मात्र साठवावे लागतात. त्यासाठी ७१ घरांची रिंग करा, प्रत्येक घरात रिअल आणि इमॅजिनरी अशी दोन ॲरे. सबपॅचमधला [बँग~] दर ब्लॉकला काउंटर वाढवतो आणि [टॅबसेंड~]ला ‘सेट’ मेसेजने पुढचं घर दाखवतो. तुकडा ० ला ताजा स्पेक्ट्रम थेट वायरने द्या. बाकी ७० तुकडे [क्लोन]ने (एकाच पॅचच्या अनेक प्रती काढणाऱ्या ऑब्जेक्टने), क्रमांक १ पासून. प्रत्येक नग (काउंटर − क्रमांक + ७१) मॉड ७१ हे घर वाचतो. ज्या घरात आत्ता लिहिलं जातंय ते दुसरं कोणी वाचत नाही, त्यामुळे ऑब्जेक्ट कुठल्या क्रमाने चालतात याची कटकट उरत नाही. क्लोनचे सिग्नल आउटलेट आपोआप बेरीज करतात, म्हणून [आयएफएफटी~] शेवटी एकच. दोन्ही चॅनेल मिळून दर सॅम्पलला साधारण ५७० गुणाकार पडतात. थेट पद्धतीत २,८८,००० पडले असते.

४१ मिलिसेकंद खुपत असतील तर आयआरच्या सुरुवातीसाठी [ब्लॉक~ ५१२ २]चा वेगळा सबपॅच करा, तुकडा २५६चा. दोन लेटन्सींतला फरक २०४८ − २५६ = १७९२. म्हणून पहिले १७९२ सॅम्पल लहान ७ तुकड्यांत, आणि शेपूट बरोबर १७९२ पासून मोठ्या ७० तुकड्यांत. वेगळी डिले लाइन लागत नाही. लेटन्सी पूर्ण शून्यावर नेणारी मांडणी विल्यम गार्डनर यांनी १९९५ साली दिली होती, पण पॅचमध्ये तेवढा खटाटोप मला परवडणारा वाटत नाही. ड्राय सिग्नल (रिव्हर्ब न लावलेला मूळ आवाज) वेगळाच जात असेल तर आयआरमधला थेट आवाज आणि त्यापुढची शांतता कापा, बरीचशी लेटन्सी तिथेच भरून निघते.

लहान आणि मोठ्या तुकड्यांमधला सांधा तपासायला खऱ्या आयआरऐवजी १७९१ आणि १७९२ या दोनच जागी १ असलेलं ॲरे भरा आणि एका सॅम्पलची टिचकी पाठवा. [टॅबराइट~]मध्ये दोन सॅम्पल शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत. मध्ये फट पडली किंवा ते एकावर एक आले तर सांध्याचा हिशेब चुकलाय.

सीपीयू मीटर १५ टक्के दाखवतोय आणि तरी आवाज तुटतोय, असं झालं तर दचकू नका. मीटर सरासरी दाखवतो, पण मोठ्या ब्लॉकचं सगळं काम एकाच ६४ सॅम्पलच्या टिकमध्ये, म्हणजे १.३३ मिलिसेकंदांत येऊन आदळतं. ऑडिओ सेटिंगमधला डिले वाढवून बघा. भागलं नाही तर शेपटाचा सबपॅच [पीडी~]मध्ये (वेगळ्या प्रोसेसमध्ये दुसरा पीडी चालवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) हलवा, मात्र त्याची स्वतःची लेटन्सी असते, तेव्हा १७९२ हा आकडा तेवढ्याने वाढवून शेपूट पुढून सुरू करावं लागेल, आणि मधली जागा आणखी लहान तुकड्यांनी भरावी लागेल.

आणि [साउंडफाइलर] रीसॅम्पल करत नाही. ४४.१चा आयआर ४८वर तसाच लोड केला तर हॉल सुमारे ८ टक्के आखूड होतो आणि त्याचा रंगही वर सरकतो. सॉक्स किंवा ऑडॅसिटी या ऑडिओ प्रोग्रॅममध्ये आधी ४८ करून घ्या.